वाढत्या हाडांना मैदान हवं, मुलींनाही

गुबगुबीत पोर दिसलं की आपल्याकडे दादी ‘माशाअल्लाह’ म्हणते आणि ताटात अजून एक पुरी पडते. कुणी काळजी बोलून दाखवली तर उत्तर तयार असतं : ‘खात्यापित्या घरचं आहे, मोठं झालं की अंग उतरेल.’ माझा आक्षेप या उत्तरावर आहे. लठ्ठपणामुळे होणाऱ्या मधुमेहाबद्दल आता थोडंफार बोललं जातं. हाडांबद्दल कुणीच बोलत नाही. उलट जाड मुलाची हाडं मजबूतच असणार, असं आपण धरून चालतो.

मी डॉक्टर नाही, इंजिनिअर आहे. पण वर मजले चढवले म्हणून खालचा खांब आपोआप भक्कम होत नाही, हे मला कळतं. लठ्ठ मुलांच्या हाडांची घनता तपासणीत कधी कधी जास्तही दिसते, पण अंगावरच्या वजनाच्या मानाने ती कमी पडू शकते. पडल्यावर हात-पाय मोडण्याचा धोका या मुलांना जास्त असतो. खुब्यात मांडीच्या हाडाचं डोकं जागेवरून सरकण्याचा आजारही त्यांच्यात जास्त आढळतो. ड जीवनसत्त्व चरबीत अडकून राहतं आणि रक्तात कमी पडतं. ते कमी पडलं की खाल्लेलं कॅल्शियम नीट शोषलं जात नाही. त्यात दुधाच्या ग्लासाची जागा कोल्ड्रिंकने घेतली, तर 300 मिलीमागे सात-आठ चमचे साखर मिळते, कॅल्शियम जवळजवळ नाहीच.

‘मोठं झालं की बघू’ म्हणायला इथे वेळ नाही. हाडांचा सुमारे 90 टक्के साठा मुलींमध्ये 18 आणि मुलांमध्ये 20 वर्षांपर्यंत तयार होतो. त्यातला जवळपास पाव हिस्सा वयात येतानाच्या दोनच वर्षांत जमा होतो : मुलींमध्ये साडेबाराच्या, मुलांमध्ये चौदाच्या आसपास. आणि नेमक्या याच वयात आपण मुलीला सांगतो, ‘आता मोठी झालीस, खाली खेळायला जायचं नाही.’ तिचं ऊन गेलं, धावणं गेलं, हातात मोबाइल आणि चिप्सचं पाकीट आलं. नंतर तिच्या वजनावरून टोमणे मारणारेही आपणच! मग तिला उपाशी ठेवायचं, म्हणजे हाडांचं आणखी नुकसान.

यावर कुणी दीनचा हवाला देईल. पैगंबर (स.) आणि हजरत आयशा (रजि.) यांनी एकमेकांशी धावण्याची शर्यत लावली होती, ही हदीस अबू दाऊदमध्ये आहे. जुम्म्याच्या बयानात ती किती वेळा ऐकलीत?

‘पण खेळायला जागा कुठे आहे?’ हा प्रश्न मात्र रास्त आहे. मुंब्रा, भिवंडी, गोवंडी, मालेगाव इथल्या दाट वस्त्यांत राहणाऱ्यांना तो समजावून सांगावा लागत नाही. म्हणूनच सगळा दोष आईच्या स्वयंपाकावर टाकणं मला मान्य नाही. मैदान ही कुणाची मेहेरबानी नाही. शिक्षण हक्क कायदा, 2009 मध्ये शाळेला मैदान असावं अशी अट आहे. शहराच्या विकास आराखड्यात मैदानांसाठी जागा राखीव असतात. पण 1966 च्या नगररचना कायद्यानुसार दहा वर्षांत जागा ताब्यात आली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतरही पालिका हलली नाही, तर आरक्षण रद्द होतं. नगरसेवक कब्रस्तान आणि गटारांची आश्वासनं देऊन मतं नेतात. मैदानाचं काय झालं, हे आपण विचारतच नाही.

आता विचारा. आपल्या वॉर्डात मैदानासाठी किती जागा राखीव होत्या आणि आज तिथे काय आहे, याचा माहिती अधिकारात अर्ज टाका. 30 दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. शाळा सुटल्यावर तिचं मैदान मोहल्ल्यातल्या मुलांसाठी उघडं ठेवा, असं संस्थाचालकांना लेखी कळवा. जमातीच्या हॉलमध्ये लग्न नसेल त्या संध्याकाळी एक तास मुलींना द्या. जागतिक आरोग्य संघटना मुलांसाठी रोज 60 मिनिटांची हालचाल सांगते, आणि आठवड्यातून किमान तीन दिवस हाडं बळकट करणारे खेळ. दोरीच्या उड्या, लंगडी, कबड्डी यांना खर्च येत नाही. जागा लागते, आणि घरातून ‘जा, खेळून ये’ म्हणणारं कुणीतरी लागतं.