'गेट हिम टू द ग्रीक': तेव्हा खळखळून हसवलेला सिनेमा आज बघताना का खटकतो?

हातात ७२ तास. लंडनमधून एका व्यसनी रॉकस्टारला उचलायचं, न्यूयॉर्कमध्ये टीव्हीवर गायला लावायचं आणि लॉस एंजेलिसच्या ग्रीक थिएटरमध्ये वेळेवर उभं करायचं. २०१० साली आलेल्या 'गेट हिम टू द ग्रीक' या कॉमेडीची गोष्ट एवढीच.

रॉकस्टार आल्डस स्नो म्हणजे रसेल ब्रँड. त्याला आणायला पाठवलेला म्युझिक कंपनीतला ज्युनिअर, ॲरन ग्रीन, म्हणजे जोना हिल. आणि ॲरनचा खडूस बॉस सर्जिओ म्हणजे शॉन 'डिडी' कोम्ब्स.

यातली दोन नावं अलीकडे वेगळ्याच बातम्यांत होती. वेश्याव्यवसायासाठी लोकांची ने-आण केल्याच्या गुन्ह्यात जुलै २०२५ मध्ये कोम्ब्स दोषी ठरला, त्याला ५० महिन्यांची शिक्षा झाली. मानवी तस्करीच्या गंभीर आरोपांतून मात्र तो सुटला. ब्रँडवर एप्रिल २०२५ मध्ये ब्रिटनमध्ये बलात्कारासह लैंगिक अत्याचाराचे आरोप ठेवले गेले. ते त्याने फेटाळलेत.

कोणी म्हणेल, कलाकार वेगळा, सिनेमा वेगळा. ठीक आहे, ही नावं बाजूला ठेवू. तरी एक गोष्ट खटकतेच.

ॲरनचं काम नेमकं काय? आल्डसने दारू पिऊ नये म्हणून त्याच्या वाटची दारू हाच पितो. त्याच्यासाठी हेरॉइन स्वतःच्या शरीरात लपवून नेतो. लास वेगासच्या पार्टीत एक बाई ॲरनवर जबरदस्ती करते, तर तोही जोक! (बाईवर झाली असती तर थिएटरमध्ये कोणी हसलं असतं का?) शेवटी आल्डस हॉटेलच्या गच्चीवरून स्विमिंग पूलमध्ये उडी मारतो, हात मोडून घेतो. ॲरन म्हणतो, हॉस्पिटलला चल. आल्डस त्याच हाताने स्टेजवर जातो.

म्हणजे काहीही होवो, शो झाला पाहिजे.

खऱ्या आयुष्यात हे कुठवर जातं, ते मायकल जॅक्सनच्या बाबतीत दिसलं. सिनेमा यायच्या वर्षभर आधीची गोष्ट. लंडनमध्ये ५० शो ठरलेले, तिकिटं विकलेली. तालमी सुरू असतानाच २५ जून २००९ ला तो गेला. झोपेसाठी त्याला प्रोपोफोल हे भुलीचं औषध दिलं जात होतं. डॉक्टर कॉनरॅड मरे २०११ मध्ये सदोष मनुष्यवधात दोषी ठरला. शो भरवणाऱ्या एईजी लाइव्ह कंपनीवर कुटुंबाने दावा लावला. २०१३ मध्ये ज्युरी म्हणाली, डॉक्टरला कंपनीनेच नेमलं होतं, पण ज्या कामासाठी नेमलं त्यासाठी तो अपात्र नव्हता. कंपनी सुटली.

एमी वाइनहाउस जून २०११ मध्ये बेलग्रेडच्या स्टेजवर आली तेव्हा तिला नीट उभंही राहवत नव्हतं. प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. पुढच्याच महिन्यात, २७ व्या वर्षी, ती गेली.

सिनेमा अगदीच बथ्थड नाही. आल्डसचा एकटेपणा त्यात आहे, आणि ब्रँड तिथे खरंच चांगलं काम करतो. पण आल्डस व्यसनातून सुटतो कसा? ते दिसतच नाही. 'काही महिन्यांनंतर' म्हणून तो थेट धडधाकट समोर येतो. त्या काही महिन्यांत त्याला उपचारांना कोणी नेलं, कुठले शो रद्द झाले, कोणाचे पैसे बुडाले, हे सिनेमा गाळून टाकतो.