घर पाडलं, शाळेचं काय?

गेल्या वर्षी फेब्रुवारीत मुंब्र्यातल्या आमच्या शेजारच्या खालांनी मला बोलावून घेतलं. "भाई, मराठीत एक अर्ज लिहून द्या." त्यांची धाकटी बहीण नवऱ्यासह, तीन मुलांसह त्यांच्याकडे राहायला आली होती. मुंबईत हार्बर लाइनच्या कडेला असलेलं त्यांचं घर पाडलं गेलं होतं. मोठी मुलगी सातवीत, महापालिकेच्या उर्दू शाळेत शिकणारी. परीक्षा दीड महिन्यावर आलेली. इथल्या शाळेत चौकशी केली तर क्लार्कने पत्त्याचा पुरावा मागितला. लाइट बिल नाहीतर भाडेकरार. खाला स्वतःच भाड्याने राहतात, बिल घरमालकाच्या नावावर, आणि भाडेकरार कसला? तोंडी व्यवहार. ज्यांचं घरच गेलंय त्यांच्याकडे घराचा पुरावा मागायचा, यातली विसंगती त्या क्लार्कला दिसली नसेल असं नाही. पण रकाना रिकामा कसा सोडायचा?

अर्ज लिहिताना मला १९९३ आठवलं. दंगलीनंतर आम्ही मुंबई सोडून मुंब्र्याला आलो तेव्हा मी चौथीत होतो. दाखला आणायला जुन्या वस्तीत परत जायची अब्बांची हिंमत होईना, आणि दाखल्याशिवाय इथे कुणी घेईना. माझं वर्ष गेलं. तेव्हा शिक्षण हक्क कायदा नव्हता. आता आहे.

तो कायदा, २००९ चा, वाचला तर चांगला आहे. कलम ५ म्हणतं की कोणत्याही कारणाने मुलाला शाळा बदलावी लागली तर जुन्या मुख्याध्यापकाने दाखला लगेच द्यायचा, आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून नव्या शाळेने प्रवेश अडवायचा नाही. कलम १४ नुसार वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. कलम १५ नुसार वर्षाच्या मध्येही प्रवेश द्यावा लागतो. पालिकेच्या शाळेत लाइट बिलाशिवाय नाव घालू नये, असं यात कुठेही नाही. हे सगळं मी अर्जात कलमांसह लिहिलं. क्लार्कने अर्ज घेतला, शिक्का मारला आणि सांगितलं, साहेब आले की बघू.

पण दोष फक्त क्लार्कचा नाही, कायद्यातही एक मोठं भोक आहे. कलम ५ मधला बदलीचा हक्क विनाअनुदानित खासगी शाळांना लागू नाही. पंचवीस टक्के आरक्षणातून एखाद्या रिक्षावाल्याच्या मुलाला इंग्रजी शाळेत मोफत जागा मिळाली आणि तो तिसरीत असताना घर पडलं, तर ती जागा त्याच्याबरोबर नव्या वस्तीत जात नाही. कारण त्या जागा प्रवेशाच्या पहिल्या वर्गातच भरल्या जातात. ती मिळवताना घर ते शाळा अंतर नकाशावर दाखवलेलं असतं. घर गेल्यावर रोज लांबून यायचं, नाहीतर जागा सोडायची.

माध्यमाचा प्रश्न वेगळाच. मुंबई महापालिका आठ माध्यमांच्या शाळा चालवते, त्यात उर्दू आहे. पण पुनर्वसनाच्या प्रत्येक वसाहतीजवळ उर्दू शाळा असेलच असं नाही. सातवीपर्यंत उर्दूत शिकलेल्या मुलीला आठवीत अचानक दुसऱ्या माध्यमात बसवलं तर ती किती दिवस टिकेल? आणि आपल्या लोकांना भाड्याने घर कुठे मिळतं, हे मी इथल्या वाचकांना सांगायची गरज नाही. शाळा बघून घर घ्यायची चैन आपल्याला नाही.

अमेरिकेत शाळा पत्त्यावरूनच ठरते आणि तिथले नियम कडक आहेत. तरी १९८७ पासून तिथे मॅकिनी-व्हेंटो नावाने ओळखला जाणारा कायदा आहे. घर गेलेलं मूल त्याच्या हिताचं असेल तर जुन्याच शाळेत राहू शकतं, ने-आण करायची जबाबदारी शाळा-प्रशासनाची. नवीन शाळेत जायचं तर कागदपत्रं नसली तरी लगेच प्रवेश, वाद असेल तर तो मूल वर्गात बसवून सोडवायचा. आणि घर गेल्यामुळे नातेवाइकांकडे राहणारं मूलही त्यात बेघर धरलं जातं. आमच्या खालांच्या भाचीसारखं. तिथेही सगळं सुरळीत चालतं असं नव्हे, पण हक्क घराला नव्हे तर मुलाला चिकटवलाय.

आपल्याकडे असं काही नाहीच, असंही नाही. ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी महाराष्ट्रात शिक्षण हमी पत्रक आहे. ते दाखवलं की मूल जिथे जाईल तिथल्या शाळेने त्याला बसवून घ्यायचं. तेच पत्रक पाडकामाच्या, आगीच्या, दरडीच्या मुलांना का नाही? नोटीस चिकटवणाऱ्याच्या पिशवीत ही पत्रकं असायला काय हरकत आहे?

सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबर २०२४ च्या निकालात घर पाडण्याआधी किमान पंधरा दिवसांची नोटीस सक्तीची केली. पण रस्ता, फुटपाथ, रेल्वेमार्ग, नदी यांच्या जागेवरची बांधकामं त्यातून वगळली, म्हणजे नेमकी गरिबांची बरीचशी घरं. पुढच्या मार्चमध्ये उत्तर प्रदेशातल्या आंबेडकर नगरात बुलडोझर सुरू असताना दप्तर छातीशी धरून पळणारी लहान मुलगी देशाने पाहिली. न्यायमूर्तींनीही तिचा उल्लेख केला. महाराष्ट्रात पावसाळ्यात राहती घरं पाडू नयेत असं धोरण आहे, ते योग्यच. पण मग उरतात हिवाळा आणि उन्हाळा, म्हणजे दुसरं सत्र आणि परीक्षा. छपराचा विचार झाला, वार्षिक परीक्षेचा झाला नाही.

खालांच्या भाचीची परीक्षा झाली ती जुन्या शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंमुळे. "नाव आमच्या हजेरीपटावर आहे, पत्ता कोण विचारतंय?" म्हणाल्या. मुलगी अम्मीबरोबर मुंब्र्याहून लोकलने जायची, कुर्ल्याला गाडी बदलून. अम्मी शाळा सुटेपर्यंत बाहेरच बसून राहायची, दोनदा येण्या-जाण्यापेक्षा ते बरं म्हणून. त्यात तिचं धुण्याभांड्याचं एक काम सुटलं.

जूनमध्ये आम्ही इथल्या त्याच शाळेत पुन्हा गेलो. खिडकीत तोच क्लार्क होता. घरमालकाच्या नावाचं लाइट बिल चालेल म्हणाला. फेब्रुवारीत का चालत नव्हतं, हे मी विचारलं नाही. पोरीचं नाव अजून लिहून व्हायचं होतं.