धुऱ्यावरचे फोटो

सातपुड्याच्या पायथ्याशी, शेंदूरजनाघाटला, जंगल बघायला वेगळं जावं लागत नाही. संत्र्याच्या कलमा बांधणारे हात, ओलितावरची पोरं, धुऱ्यावर उभा रोही, रात्री रानडुकरांनी उकरलेला वाफा. हे सारं एकाच मोबाइलमध्ये, लेकीच्या वाढदिवसाच्या फोटोशेजारी असतं. या अंकात ते तसंच, शेजारीशेजारी छापलं आहे.

शिकारीचे जुने फोटोही घेतले. ते १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याआधीचे. घरच्यांनी ते लपवू नयेत, असं मला मनापासून वाटतं. आपल्या रानात तेव्हा काय होतं, हे त्यांतून दिसतं. शिकाऱ्याची नजरही वाया जात नाही. अकोला-वाशीमकडे फासेपारधी मंडळींनी ‘संवेदना’ संस्थेसोबत तणमोरासाठी माळरान राखायचं काम हाती घेतलं. गवतात हा पक्षी कुठे दडतो, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक?

एक विनंती. घरट्याजवळ जाऊन फोटो काढू नका. वाघ-बिबट दिसला तर नेमकी जागा वनखात्याला सांगा, ग्रुपवर टाकू नका. पुढच्या अंकासाठी मृग बहाराचे फोटो हवे आहेत; सोबत वर्ष आणि शिवाराचं नाव जरूर लिहा.