बाळंतिणीला कुणी विचारले?

१९८८ साली माझी बदली विंचूरच्या शाखेत झाली. दिवसभर पीककर्जाचे कागद आणि कांद्याच्या भावाच्या गप्पा. त्याच वर्षी आमच्या घरी मुलगी जन्मली. पत्नीला आई नव्हती, म्हणून बाळंतपण विंचूरलाच झाले आणि माझी आई मदतीला आली.

डिंकाचे लाडू झाले, अळिवाची खीर झाली, शेकशेगडी झाली. बाळ गुटगुटीत होते. बाळाची आई मात्र रात्र रात्र आढ्याकडे बघत पडून राही. ‘माझ्याच्यानं हे होणार नाही,’ एवढेच म्हणे. आई म्हणाली, दृष्ट लागली. शेजारणी म्हणाल्या, मुलगी झाली म्हणून खट्टू असेल. आणि मी म्हणालो, ‘आजीनं आठ बाळंतपणं काढली, ती कुठं रडत बसली?’ ते वाक्य आजही मला टोचते. डॉक्टरांकडे जायला आम्ही सात महिने लावले. कर्ज थकण्याआधी त्याची लक्षणे ओळखणारा मी, घरातली लक्षणे मला दिसली नाहीत.

बाळंतपणानंतर पहिले काही दिवस रडू येणे स्वाभाविक आहे, ते आपोआप ओसरते. पण उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली, झोप उडाली, बाळाविषयी काहीच वाटेनासे झाले, तर तो आजार असू शकतो. आळस नव्हे, नखरा नव्हे.

डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी गोव्यातील एका जिल्हा रुग्णालयात २७० मातांचा अभ्यास केला, तो २००२ साली प्रसिद्ध झाला. प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी त्यांतील २३ टक्के मातांना नैराश्य होते. यांपैकी ७८ टक्के जणींचे मन गरोदरपणातच ढासळलेले होते. गरिबी आणि नवऱ्याशी बेबनाव यांनी धोका वाढत होता. मुलगी झाली की मारहाण आणि उपासमार यांचा घाव अधिक खोल जाई. म्हणजे दोष बाईच्या मनात शोधण्याआधी घराकडे पाहायला हवे.

आज आशाताई बाळंतिणीकडे बेचाळीस दिवसांत सहा वेळा येतात. बाळाचे वजन होते, ताप पाहिला जातो. त्याच वेळी, आणि त्याआधी गरोदरपणाच्या तपासणीतही, आईला एकटीला बसवून ‘तुला कसं वाटतं?’ असे विचारले जावे, एवढीच माझी मागणी आहे. या आजारावर समुपदेशन आहे, औषधे आहेत. अंगावर पाजणाऱ्या आईलाही चालतील अशी औषधे डॉक्टर देऊ शकतात. १४४१६ या सरकारी दूरध्वनीवर मराठीतून बोलता येते. पण स्वतःचे किंवा बाळाचे बरेवाईट करण्याचे विचार आले, भास होऊ लागले, तर थांबू नये. तिला एकटी न सोडता तडक रुग्णालय गाठावे.

पुढच्या बारशाला झबले-टोपडे जरूर न्या. पण पाळण्याकडे वळण्याआधी घटकाभर तिच्याजवळ बसा. विचारा, आणि तिचे उत्तर पुरते ऐका. मी ते केले नव्हते.