नीतीचा तास वेगळा नको

सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध घातले. ठेवीदाराला सहा महिन्यांत फक्त १,००० रुपये काढता येतील, असा पहिला आदेश होता. पुढे ही मर्यादा वाढली. पण तोवर मुंबईतल्या निवृत्तांची आणि छोट्या दुकानदारांची झोप उडाली होती. एकूण कर्जांपैकी ७० टक्क्यांहून अधिक कर्ज एकाच बांधकाम समूहाला दिलेले होते आणि ते झाकण्यासाठी २१,०४९ बनावट खाती दाखवली गेली, असे पोलिसांकडील तक्रारीत नमूद आहे.

इतकी खाती बेतणे आणि ती तपासणीतून पार करणे अडाण्याचे काम नव्हे. त्याला हिशेबाचे शिक्षण लागते. ते शिक्षण आपण शिक्षक देतो, म्हणून हा प्रश्न आपलाही आहे.

आपल्या एम.बी.ए. आणि एम.कॉम.च्या वर्गांत व्यवसायनीतीला बहुधा एक स्वतंत्र, कमी क्रेडिटचा पेपर मिळतो. विद्यार्थी व्याख्या पाठ करतो, टिपा लिहितो, उत्तीर्ण होतो. शेजारच्या तासाला वित्ताचे प्राध्यापक कर्जाचे मूल्यमापन शिकवतात, त्यात ठेवीदार कुठेच नसतो. नीती परीक्षेपुरती आणि धंदा वेगळा, हा धडा विद्यार्थी आपल्या वेळापत्रकातूनच घेतो.

सामाजिक उत्तरदायित्वाचेही तसेच झाले आहे. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करावी लागते. वर्गात या २ टक्क्यांचा हिशेब नीट शिकवला जातो. उरलेले ९८ टक्के कसे मिळवले, कंत्राटी कामगाराला किमान वेतन मिळाले का, सांडपाणी कोणत्या नदीत गेले, ही चर्चा मात्र राहून जाते. उत्तरदायित्वाची खरी कसोटी तिथेच आहे.

म्हणून स्वतंत्र पेपरवर भिस्त न ठेवता प्रत्येक विषयात हा प्रश्न आणावा. लेखापरीक्षणाच्या तासाला विद्यार्थ्याला कनिष्ठ अधिकाऱ्याच्या जागी बसवा. वरिष्ठ म्हणतात, ‘सही कर.’ तो कोणते कागद मागेल? नकार कोणत्या शब्दांत देईल? तक्रार कोणाकडे नेईल? हे कौशल्य आहे आणि ते सरावानेच येते. मनुष्यबळाच्या तासाला कपातीचा आणि विपणनाच्या तासाला फसव्या जाहिरातीचा प्रश्न असाच सोडवून घ्यावा व त्याला गुण ठेवावेत.

याची सुरुवात इंटर्नशिपच्या अहवालापासून व्हावी. आयता विकत घेतलेला, नुसता कंपनीचा शिक्का मारून आणलेला अहवाल तोंडी परीक्षेत चालून गेला, तर विद्यार्थ्याने खोट्या कागदावर पहिली सही आपल्यासमोरच केलेली असते. येत्या सत्रात असा एकही अहवाल स्वीकारू नका, ही सर्व सहकारी शिक्षकांना आमची कळकळीची विनंती.