रोजमेळ आणि खतावणी

द्वारकेहून मुंबईकडे जाताना पांडवलेणी लागतात. अकराव्या लेण्यात जैन मूर्ती आहेत, म्हणून ही लेणी मूळची जैनांचीच, असे प्रबंधात लिहिण्याचा मोह समाजातील विद्यार्थ्यांना होतो. पांडवांचे नावही असेच मागाहून चिकटलेले. खतावणीविषयी शंका आली की पेढीवर रोजमेळ उघडतात. येथील रोजमेळ म्हणजे शिलालेख. शेजारच्या दहाव्या लेण्यात उषवदाताने भिक्षुसंघासाठी विणकरांच्या श्रेणींकडे ३००० कार्षापण ठेवल्याची नोंद कोरली आहे : २००० दरमहा शेकडा एक व्याजाने, १००० पाऊण टक्क्याने, मुद्दल परत घ्यायचे नाही, व्याजच खर्चायचे. (आजच्या ट्रस्टची कायम ठेव याहून निराळी नव्हे.) भगवानलाल इंद्रजींचे वाचन १८८३च्या नाशिक गॅझेटियरात आहे, पुढे एमिल सेनार यांनी हे लेख पुन्हा तपासले. दोन्ही वाचने शेजारी ठेवावीत, आणि जैन मूर्ती कित्येक शतकांनंतरच्या, हेही निःसंकोच लिहावे.