औषधास दोष देण्यापूर्वीं ब्लोअर तपासा

ऑक्टोबर छाटणीनंतरच्या दिवसांत चार द्राक्षबागायतदार कोठेंही एकत्र बसोत, तेथें एक तक्रार हमखास ऐकूं येते : इतक्या फवारण्या केल्या तरी डावणी हटत नाहीं, औषधांत आतां दम राहिला नाहीं. या तक्रारींत कधीं कधीं तथ्य असतें, हें आम्ही नाकारीत नाहीं. बुरशी औषधास सरावते, आणि बाजारांत बनावट मालही येतो. परंतु आमचें मत असें बनलें आहे कीं, पुष्कळ प्रसंगीं दोष औषधाचा नसून तें वेलीवर पोंचविणाऱ्या ट्रॅक्टरच्या ब्लोअरचा असतो. आणि तो आपणांस सांपडत नाहीं, कारण आपण मोजीत नाहीं.

हें मत आम्हांस फुकट मिळालेलें नाहीं. महसूल खात्यांतील कारकुनीवरून निवृत्त झाल्यावर आम्ही निफाड तालुक्यांतील आमची दीड एकर बाग स्वतः पाहूं लागलों. दोन वर्षांपूर्वीं छाटणीनंतर पाऊस लागला व डावणी आली. आम्हीं औषध बदललें, मग मात्रा वाढविली, मग दोन फवारण्या अधिक केल्या. खर्च वाढला, रोग हटला नाहीं. अखेर जुन्या पीकपाहणीच्या सवयीनें वही घेऊन ओळीगणिक रोगट पानें मोजलीं. एका ओळींत रोग थोडा, पुढील ओळींत पुष्कळ, आणि सर्व बागेंत एकाआड एक हाच प्रकार. बुरशी कांहीं ओळी मोजून बसत नाहीं. ट्रॅक्टर मात्र एका गल्लींतून जातो व शेजारच्या गल्लींतून उलट तोंडानें परततो. त्यामुळें एका ओळीच्या दोन्ही अंगांवर ब्लोअरच्या उजव्या बाजूचें पाणी पडतें, व पुढील ओळीच्या दोन्ही अंगांवर डाव्या बाजूचें. दोष डाव्या बाजूस आहे, हें वहीनेंच सांगितलें.

मग पंखा न्यूट्रलमध्यें ठेवून, प्रत्येक नोझलला नळीचा तुकडा लावून, एक मिनिटाचें पाणी बादलींत धरलें. उजव्या सहा नोझलांनीं ९ लिटर दिलें, डाव्या सहांनीं अवघें साडेपांच. डाव्या बाजूच्या गाळणींत औषधाचा गाळ घट्ट बसला होता. प्रेशर गेजचा कांटा मात्र पुरा दाब दाखवीत होता, कारण गेज गाळणीच्या अलीकडे बसविलेला होता. महागडीं औषधें ज्या दोषापुढें हरलीं, तो एका जुन्या ब्रशनें पंधरा मिनिटांत गेला. हंगामाचें नुकसान मात्र भरून आलें नाहीं.

डावणीची बुरशी पानाच्या खालच्या अंगावरील सूक्ष्म छिद्रांतून आंत शिरते. स्पर्शजन्य औषध जेथें थेंब पडेल तेथेंच राखण करतें. १८८५ सालीं फ्रान्सांत मिलार्दे यांनीं बोर्डो मिश्रणाचा उपाय प्रसिद्ध केला, तेव्हांपासून हा नियम बदललेला नाहीं. सबब पंख्याचें काम पाणी दूर उडविणें एवढेंच नव्हे. वेलीच्या आंतील हवा हटवून तेथें थेंबांनीं भरलेली हवा घालणें आणि पानें हलवून त्यांचें खालचें अंग उघडें करणें, हें त्याचें खरें काम होय.

तपासणीचा क्रम आमच्या मतें येणेंप्रमाणें असावा. प्रथम पीटीओचे फेरे पाहावे. बहुतेक ब्लोअर मिनिटास ५४० फेऱ्यांवर चालण्यासाठीं बनविलेले असतात. डिझेल वांचविण्यासाठीं थ्रॉटल कमी केला तरी पंप बराच वेळ दाब टिकवितो, म्हणून सर्व ठीक वाटतें. पंखा मात्र दुबळा पडतो. थंड मुलखांत ट्रॅक्टरला जोडून वाटेवरील बर्फ दूर फेकणारें यंत्र असतें, त्यासही ब्लोअरच म्हणतात. तें नीट फेकीत नसेल तर तेथेंही प्रथम हेंच पाहतात कीं, पीटीओ पुरा फिरतो आहे ना, पट्टा घसरत नाहीं ना, आणि ट्रॅक्टर फार वेगानें चालत नाहीं ना.

दुसरी गोष्ट वेग. १०० मीटर अंतर आंखून तें ९० सेकंदांत तोडल्यास वेग ताशीं ४ किलोमीटर होतो. तेंच अंतर ६० सेकंदांत तोडलें तर एकरीं ४०० लिटरऐवजीं सुमारें २६७ लिटरच पाणी पडतें. नऊ फुटी ओळींत, ताशीं ४ किलोमीटर वेगानें एकरीं ४०० लिटर टाकावयाचें तर ब्लोअरनें मिनिटास सुमारें १८ लिटर, म्हणजे बारा नोझलांपैकीं प्रत्येकानें दीड लिटर दिलें पाहिजे. बादलीची कसोटी ती हीच. नव्या नोझलपेक्षां दहा टक्क्यांहून अधिक पाणी देणारा नोझल झिजला असें समजून बदलावा. पितळी नोझल लवकर झिजतात, सिरॅमिकचे अधिक टिकतात.

तिसरी गोष्ट पंप. त्याचें तेल दुधाळ झालें असेल तर डायफ्रॅम फाटला असें समजावें. कांटा थरथरत असेल तर ओढनळींतून हवा शिरते काय, आणि पंपाच्या हवाकोठडींतील हवा उतरली काय, हें पाहावें. पाणी कमी पडतें म्हणून नुसता दाब वाढवूं नये. पाणी दुप्पट होण्यास दाब चौपट लागतो, आणि थेंब फार बारीक होऊन वाऱ्यावर जातात.

हें सर्व करतांना एक पथ्य कडक पाळावें. ट्रॅक्टर बंद करून, चावी खिशांत घातल्यावांचून ब्लोअरला हात लावूं नये. पीटीओच्या दांड्यावरील आवरण काढून ठेवण्याची चाल कित्येक ठिकाणीं दिसते. फिरता दांडा उपरण्याचें टोंक धरतो, तेव्हां माणसास ओरडावयासही अवकाश मिळत नाहीं.

कोणी म्हणेल, पाऊस डोक्यावर असतां एवढें मोजीत बसण्यास वेळ कोणास आहे ? आमचा प्रश्न उलट आहे : फसलेली फवारणी पुन्हा करण्यास वेळ कोठून येतो ? शिवाय प्रत्येक जादा फवारणीनें मालांतील रेसिड्यूचा धोका वाढतो. २०१० सालीं क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रकाच्या अंशावरून आपलीं द्राक्षें युरोपांत अडकलीं, तो प्रसंग नाशिक जिल्हा विसरलेला नाहीं. तें प्रकरण ब्लोअरचें नव्हतें, हें खरें. पण अंश सांपडल्यावर सबब कोणी ऐकत नाहीं, हें त्यानें शिकविलें.

म्हणून आपल्या संघाच्या चालकांस आमची विनंती आहे. संघानें खात्रीचे दोन गेज, मापाचीं भांडीं आणि थेंब पडतांच निळा होणारा पिवळा तपासणी-कागद विकत घ्यावा, व छाटणीपूर्वीं गांवोगांव एक दिवस ब्लोअर तपासणीचा ठेवावा. सभासदांनींही प्रत्येक ब्लोअरची वही ठेवून तींत तारीख, फेरे, वेग व नोझलवार पाणी लिहावें. जमिनीस सातबारा असतो, तसा जिच्यावर वर्षाचें पीक अवलंबून आहे त्या यंत्रासही असावा. सुरुवात करण्यास संघाच्या ठरावाची वाट पाहण्याचें कारण नाहीं ; बादली आणि घड्याळ प्रत्येकाच्या घरीं आहे.